बाबांनी धुतलेली चड्डी

सायकलवाल्यांच्या चड्डीबद्दल दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल. एक, तिच्या आत गादी असते. स्पंजची, बसायच्या जागी शिवलेली. दोन, तिच्या आतून दुसरं काही घालायचं नसतं. काही म्हणजे काहीच नाही. घातलं तर शिवण घासते आणि मग माणसाला उभ्याने जेवायची वेळ येते.

ही दुसरी गोष्ट बाबांना कळली. सगळा घोटाळा तिथून.

बाबा छापखान्यात मशीनमन होते. जन्मभर शाईत हात. आई त्यांचे शर्ट वेगळे काढून धुवायची, कडकडीत पाणी, दुप्पट पावडर, वर ब्रश, तरी कॉलरवर निळं-काळं काहीतरी उरायचंच. मग छापखाना बंद पडला आणि बाबा घरी बसले. म्हणजे अक्षरशः बसले. बाल्कनीतल्या खुर्चीत, रस्त्याकडे तोंड करून. काही विचारलं की "हं." जेवता का? हं. पंखा लावू? हं. घराला आग लागली असती तरी हं म्हणाले असते आणि खुर्ची जरा सरकवली असती.

आई औषधांच्या दुकानात काउंटरला असते. दिवसभर उभी. संध्याकाळी पाय सुजून येतात. एकदा ती आली, चपला भिरकावल्या आणि वैतागून म्हणाली, निदान कपडे तरी मशीनला लावत जा.

ती बोलायचं म्हणून बोलली होती. पण तिने मशीन म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी घरी येऊन बघतो तर वॉशिंग मशीन भिंतीपासून ओढलेलं, मागचं झाकण उघडं आणि बाबा पालथे पडून त्याच्या पोटात बघतायत. कपडे पिळताना आमचं मशीन स्वयंपाकघरातून चालत चालत दारापर्यंत यायचं. बाबांनी एका पायाखाली लाकडाची पाचर ठोकली. त्यानंतर ते जागचं हललं नाही.

आणि मग धुणं सुरू झालं. काय सांगू. पांढरं वेगळं, रंगीत वेगळं, फिकट रंगीत अजून वेगळं. सगळ्याला गरम पाणी, सगळ्याला स्टार्च, सगळ्याला इस्त्री. टेबलावरचं कापड टेबल काढून घेतलं तरी उभं राहील असं झालं. माझे मोजे पायात घालताना मोडायचे. मी आईकडे तक्रार घेऊन गेलो तर तिने मला कोपऱ्यात घेतलं. म्हणाली, बाबा काम करताना गुणगुणतायत, ऐकलंस? मी ऐकलं होतं. म्हणाली, मग मोजे ताठ तर ताठ. एक अक्षर बोलायचं नाही.

घरात कायदाच झाला तो. बाबांच्या धुण्याला नाव ठेवायचं नाही.

आता माझी अडचण. मी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, आणि सकाळी सायकल. शिकवलं कुणी नाही, व्हिडिओ बघून आणि पडून शिकलो. पहिली चांगली चड्डी मी स्वतःच वाया घालवली, गरम हवेत वाळवून. गादीला सुरकुत्या पडल्या. तेव्हापासून मी शहाणा. थंड पाणी. चड्डी उलटी करून. दोन थेंब पातळ साबण. पिळायची नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायची. सावलीत वाळवायची. आणि ते मऊपणाचं सुगंधी लिक्विड असतं ना, ते चुकूनसुद्धा नाही, त्याचा गादीवर थर बसतो आणि गादी घाम प्यायची बंद होते.

म्हणजे बाबा जे जे करत होते त्याच्या बरोब्बर उलट.

त्यांना सांगायचं तर कायदा मोडतो. म्हणून मी चड्डी घालूनच आंघोळ करायला लागलो. चड्डी, जर्सी, सगळं अंगावर, शॉवरखाली उभा. माणूस आणि कपडे एकाच साबणात. मग ओली चड्डी शर्टाखाली लपवून खोलीत न्यायची आणि कपाटात हँगरला टांगायची. चोराने माल लपवावा तसं. कपाटात हवा कुठली खेळणार. वास यायला लागला.

बाबांचं नाक म्हणजे शाईचा डबा उघडला की कंपनी सांगणारं. एका संध्याकाळी म्हणाले, घरात उंदीर मेलाय. फ्रिज हलवला. सोफा हलवला. आई माझ्याकडे बघत होती, मी छताकडे. शेवटी ते माझ्या खोलीत गेले आणि बाहेर आले तेव्हा एका बोटावर चड्डी लटकत होती.

कुणी धुतली, म्हणाले. मी म्हटलं, मी. मशीन आहे, मी आहे, तरी तू का धुतलीस, म्हणाले. मी म्हटलं, सहज. त्यांनी चड्डी उलटी केली, गादीवरून अंगठा फिरवला.

"हिच्या आतून काय घालतोस?"

खोटं बोलायचं तर इथे बोलायचं होतं. पण मला नको तिथे खरं बोलायची खोड आहे.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे ही. एवढीच."

बाबांनी चड्डी अंगापासून जरा लांब धरली. "आणि ही तू थंड पाण्यात धुतोस."

आईने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि हसू त्यातच बुडवलं.

बाबांच्या बाजूने बघितलं तर त्यांचं बरोबर होतं. जो कपडा थेट तिथे लागतो तो उकळूनच काढला पाहिजे, ह्याच्यावर कुठलाही शहाणा माणूस सही करेल. पण एक दिवस सोडून सकाळी माझी ट्रायल होती. सगळं त्याच्यावरच होतं.

आमच्याकडे एक चौघांची टीम आहे. तलावाच्या रस्त्यावर दरवर्षी टीमची शर्यत होते, आणि मी सायकल चालवायला लागलो तेव्हापासून मला त्या टीममध्ये जायचं होतं. टीमचा म्होरक्या हेडमास्तर. शाळेशी त्याचा काही संबंध नाही, चष्म्याचं दुकान आहे त्याचं, पण निघण्याआधी सगळ्यांची नखं बघतो म्हणून हेडमास्तर. दुसरी दातांची डॉक्टर, तिला सगळे मॅडम म्हणतात. तिसरा बेकरीवाला, पहाटे भट्टी लावून सायकलवर येतो, त्याच्या मागे चालवलं की भूक लागते. चौथा दुसऱ्या शहरात नोकरीला गेला. ती जागा रिकामी. तिच्यासाठी मी, आणि माझं जमलं नाही तर बँकवाला. बँकवाल्याची सायकल माझ्या डब्याच्या पिशवीपेक्षा हलकी आहे.

टीमची शर्यत अशी असते. चौघं एकामागे एक, दोन चाकांत वीतभर अंतर. पुढचा वारा फोडतो, मागचे त्याच्या आडोशाला. दमला की तो बाजूला होऊन शेवटी जातो, दुसरा पुढे. म्हणजे सगळी शर्यत प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर पुढच्याची चड्डी. हेडमास्तरचं म्हणणं, ज्याची चड्डी नीट नाही त्याची चेन नीट नसते, आणि ज्याची चेन नीट नाही त्याच्या मागे मी चाक लावत नाही.

आणि माझ्याकडे धड चड्डी एकच.

मी बाबांना म्हटलं, परवा ट्रायल आहे, ही एवढी राहू द्या. त्यांनी त्याचा अर्थ लावला की पोराची ट्रायल आहे, म्हणजे हिला जास्त चांगली धुतली पाहिजे. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो.

संध्याकाळी आलो तर चड्डी माझ्या पलंगावर. इस्त्री केलेली. दोन्ही पायांना पुढून धार. खोलीभर मोगऱ्याचा वास. मी गादीवर बोट वाजवून बघितलं. ठक् ठक् झालं. दारावर वाजवल्यासारखं.

बाबा दारात उभे होते. पहिला कागद मशीनमधून निघाल्यावर मालकाकडे बघत असतील तसं बघत होते. मग त्यांनी मला सगळी कृती सांगितली. पावडर तिप्पट. उकळतं पाणी. मोगऱ्याचं लिक्विड दोनदा, कारण कपडा तसा. स्टार्च. आणि खंगाळायचं शेवटचं पाणी द्यायचं नाही, ते त्यांचं गुपित. थोडा साबण कपड्यात राहिला की कपडा ताजा राहतो, मशीनच्या भागाला तेलाचं बोट राहू द्यावं तसं.

"कशी झाली?"

"मस्त," मी म्हटलं.

जेवण झाल्यावर मी चड्डी घेऊन हळूच बाथरूममध्ये गेलो, निदान खंगाळून तरी टाकू. कडी लावतोय तोच बाहेरून बाबांचा आवाज आला. पाणी लावू नकोस हं, स्टार्च उतरेल. मी कडी काढली आणि बाहेर आलो. वर बाबा म्हणाले की ते पण येणार ट्रायलला. बसने आधी जाऊन वर चढावर उभे राहणार. टॉवेल घेऊन. घरातून कुठे जायचं म्हणून ते स्वतःहून उठले, हे छापखाना बंद झाल्यापासून पहिल्यांदाच. आईने मला डोळ्यांनीच बजावलं. मी मान हलवली.

सकाळी चड्डी घातली. घातली म्हणजे तिच्यात शिरलो. गादी पुठ्ठ्यासारखी, पाय टाकला की कर्र.

निघालो आणि थोड्या वेळात बेकरीवाला म्हणाला, कुणाचं तरी काहीतरी वाजतंय. हेडमास्तरने सगळ्यांना पॅडल थांबवायला लावलं. शांत. परत मारायला लावलं. कर्र, कर्र. बेकरीवाल्याने आपली चेन बघितली, मॅडमनी सीट हलवून बघितली. मी पण खाली वाकून गंभीरपणे माझं चाक बघितलं. काय करणार.

मग ऊन वाढलं, घाम आला आणि स्टार्च विरघळला. आवाज गेला. मला वाटलं, सुटलो. पण गादी घाम प्यायला तयारच नव्हती, त्या लिक्विडमुळे. सगळा घाम माझ्यात आणि सीटमध्ये. त्यात साबण. मी सीटवर मागे-पुढे घसरायला लागलो, ओल्या फरशीवरची साबणाची वडी घसरते तसा. तरी चालवत होतो. माझी पाळी आली की पुढे जाऊन वारा फोडत होतो. हेडमास्तर काही बोलला नाही. तो बोलला नाही म्हणजे बरं चाललंय.

मग आला चढ. ह्या टीमची एक रीत आहे. चढ लागला की मागच्याने आपल्या बाटलीतलं पाणी पुढच्याच्या पाठीवर ओतायचं, म्हणजे पुढचा तापत नाही. माझ्या मागे मॅडम. त्यांनी प्रेमाने अख्खी बाटली ओतली. मानेपासून पार खालपर्यंत. गार वाटलं. मी जोर लावला.

जरा वेळाने मागून आवाज आला, त्यांच्या दवाखान्यातला आवाज, पेशंट घाबरू नये म्हणून असतो तो.

"अरे, तुझ्यातून काहीतरी येतंय."

"काय?"

"पांढरं. दुखतंय का कुठे?"

मी मान वळवून बघितलं. फेस. चड्डीच्या दोन्ही पायांतून, कमरेतून, शिवणीशिवणीतून. प्रत्येक पॅडलला गादी दाबली जात होती आणि नवा फेस बाहेर. मांड्यांवरून ओघळत होता, चाकावर पडून उडत होता. चढावर माणसाच्या तोंडाला फेस येतो म्हणतात. माझी जागा चुकली होती.

मॅडम माझ्या मागून निघून बाजूला झाल्या. त्यांच्या मागे हेडमास्तर होता, त्याला काही दिसायच्या आत एक गोळा त्याच्या चष्म्यावर बसला. तो काहीतरी ओरडला आणि तो पण बाजूला. राहिला बेकरीवाला. तो जरा वेळ मागे राहिला, जवळून बघितलं आणि मनापासून म्हणाला, घट्ट आलाय. धंद्याचा माणूस. मग तो पण गेला.

बुडबुडे वर उडत होते. अख्ख्या चढावर मोगरा.

हेडमास्तर ओरडला, तू शेवटी जा, शेवटीच राहा. मला कळलं की संपलं. शेवटी म्हणजे आडोशाला. आडोशाला बसून वर गेलो तर तो म्हणणार, ह्याचे पाय मी बघितलेच नाहीत, आणि जागा बँकवाल्याला. तो वर उभाच होता हलकी सायकल घेऊन. पण पुढे जाता येईना, पुढे गेलो तर फेस तिघांच्या तोंडावर. मग मी एकच केलं. रांगेतून बाहेर पडलो आणि त्यांच्या बाजूने, मोकळ्या वाऱ्यात, एकटा चालवायला लागलो. ते तिघं आडोसा वाटून घेतायत आणि मी शेजारून सगळा वारा खात, फेस सोडत. जीव जात होता. पण मागे पडलो नाही. वरपर्यंत त्यांच्या बरोबरीने आलो.

वर बाबा टॉवेल घेऊन उभे. बँकवाला हातमोजे घालून उभा. आम्ही उतरलो. माझ्या बुटांतून पण फेस येत होता.

हेडमास्तरने खिशातून चष्म्याचं फडकं काढलं, दोन्ही काचा पुसल्या, वास घेतला, परत पुसल्या. मग म्हणाला, वाऱ्यात एकटा आलास ते मी बघितलं. पाय आहेत तुला. जागा तुझी. माझा जीव भांड्यात पडतोय तोच पुढे म्हणाला,

"पण एक अट. आजपासून कपडे स्वतः धुवायचे. हे ज्याने कुणी धुतलेत त्याच्या हातात परत द्यायचे नाहीत."

त्याला काय माहीत. टॉवेलवाला माणूस कोण हे त्याने विचारलंच नव्हतं. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी टॉवेलाची घडी घातली. मग घडीची घडी.

"हं," बाबा म्हणाले.

बाकी कुणाला त्यात काही कळलं नसेल. मला ती बाल्कनी दिसली, ती खुर्ची दिसली.

"सर, हे माझे बाबा," मी म्हटलं. "कपडे हेच धुणार."

हेडमास्तरने बाबांकडे बघितलं, जरा वरमला, पण अट म्हणजे अट. मग जागेचं बघावं लागेल, म्हणाला. बँकवाल्याने हेल्मेटचा पट्टा लावला. मी त्याच्याकडे पाठ केली आणि बाबांसमोर उभा राहिलो.

"बाबा, मस्त नव्हती झाली. गादी पुठ्ठा झाली होती. साबण राहिला होता."

"मग मस्त का म्हणालास?"

"तुम्ही परत खुर्चीत जाऊन बसाल म्हणून."

त्यांनी टॉवेलाची घडी उलगडली. मॅडम उगाच टायर दाबून बघायला लागल्या.

"तुझ्या आईला माहीत होतं?"

"हो."

"मोजे?"

"मोजेपण."

बाबांनी टॉवेल खांद्यावर टाकला. आवाज चढला नाही, पण छापखान्यातल्या मशीनवर असायचा तसा झाला. म्हणाले, छपाई बिघडली की मालक तोंडावर बोलायचा. कागद फाडून अंगावर फेकायचा. आणि मी काय खुर्चीत जाऊन बसत होतो? मी नवा कागद लावायचो. बिघडलं हे सांगितलंच नाही तर माणूस सुधारणार काय, कपाळ? मग म्हणाले, वळ.

मी वळलो. सगळ्यांसमोर, भर रस्त्यात, बाबांनी खाली वाकून माझ्या बुडाची गादी अंगठ्याने दाबली. दाबली, सोडली, ती वर कशी येते ते बघितलं. परत दाबली. एक बाई मुलाला घेऊन चालली होती, तिने त्याचं तोंड दुसरीकडे वळवलं.

"अरे गाढवा, हे ब्लँकेट आहे."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, मला नाही, हेडमास्तरला. छपाईच्या मशीनवर रबराचं जाड कापड ताणलेलं असतं, शाई आधी त्याच्यावर येते आणि मग कागदावर. त्याला ब्लँकेट म्हणतात. त्याला गरम पाणी लावायचं नाही, फुगतं. उन्हात ठेवायचं नाही, चिरतं. पिळायचा तर प्रश्नच नाही. हलक्या हाताने पुसायचं, फडक्यात दाबायचं, सावलीत ठेवायचं. एकेक ब्लँकेट त्यांनी इतकं चालवलं होतं की मालक विचारायचा, नवीन मागत का नाहीस.

"हा मला म्हणाला चड्डी," बाबा म्हणाले. "चड्डी म्हटल्यावर मी चड्डीसारखीच धुणार ना."

हेडमास्तर ऐकत होता. चष्म्याच्या काचांचं पण असंच असतं, त्याला ते पटलेलं दिसत होतं आणि पटलंय हे आवडत नव्हतं. काहीतरी चूक सापडावी म्हणून त्याने विचारलं, आणि शेवटचं पाणी?

बाबा अडकले. ते त्यांचं गुपित होतं. त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं. एक बुडबुडा आला आणि फुटला.

"द्यायचं," ते म्हणाले. "पाणी स्वच्छ निघेपर्यंत."

बेकरीवाला म्हणाला, झालं की मग, चला, मला भट्टी बघायची आहे. हेडमास्तरने बाबांची नखं बघितली. खरंच बघितली, हात हातात घेऊन. जन्मभर शाईत गेलेल्या माणसाची, पण साबणाने पांढरी झालेली. मग म्हणाला, ठीक आहे, अट मागे. बँकवाल्याने पट्टा काढला.

त्यानंतर मला चड्डीला हात लावायची बंदी आहे. आंघोळीला घालून जायची तर त्याहून सक्त बंदी. सायकलवरून आलो की दारातच उतरवून द्यावी लागते, टॉवेल गुंडाळून, शेजारी जिन्यात असले तरी. मोजे मऊ झाले. पण बाबा आता उघड बोलायला लागलेत, ही एक नवी पीडा. शर्यतीच्या दिवशी सुरुवातीच्या रेषेवर आम्ही चौघं उभे, आणि बाबा मागून रांगेत फिरत नाक लावतायत. हेडमास्तरच्या मागे थांबले. म्हणाले, यात साबण राहिलाय. हेडमास्तर म्हणाला शक्यच नाही. बाबा म्हणाले, चढावर पाणी ओतू नका ह्याच्यावर.

शर्यतीत आमचा नंबर सांगण्यासारखा नाही आला. पण दुसऱ्या दिवशी हेडमास्तर आमच्या दारात आला, हातात पिशवी, आणि माझ्याशी न बोलता विचारलं, वडील आहेत का.

आता आमच्या बाल्कनीत टीमच्या चड्ड्या असतात. उलट्या केलेल्या, सावलीत. परवा आई दुकानातून आली, पाय सुजलेले, आणि त्या खुर्चीत बसायला गेली. बाबा आतून ओरडले, थांब, तिथे हेडमास्तर वाळतोय.

आई उभीच राहिली. मला म्हणाली, बघ, खुर्ची रिकामी झाली, आता मला मिळेल असं वाटलं होतं.